वाड्याच्या धाटणीचं स्वयंपाकघर : कॅबिनेट कशी निवडायची आणि भाव कसा सांगायचा



"सर, काम झालं. गिऱ्हाईक खूश आहे, फोटो पण भारी आलेत. पण पैसे कुठं गेले तेच कळत नाही."

आपल्या प्रशिक्षणाला येणाऱ्या एका तरुण सुताराचा हा फोन. सोलापुरातल्या जुन्या पेठेत एका कुटुंबाने घराची दुरुस्ती काढली होती. स्वयंपाकघर सोयीचं हवं, पण दिसायला आजीच्या काळातलं हवं, अशी त्यांची मागणी. या गड्याने नेहमीसारखा चौरस फुटाचा भाव सांगितला, कागदावर साडेबावीस हजार नफा दिसत होता, म्हणून काम घेतलं. २६ दिवस राबल्यावर हातात उरले २,१०० रुपये.

त्याची चूक हिशोबात नव्हती, ती कॅबिनेट निवडण्यात झाली होती. म्हणून आज दोन्ही गोष्टी एकत्र बघू. तुम्ही सुतार असा, इंटिरियरची छोटी कामं घेत असा, किंवा या धंद्यात उतरायचा विचार करत असा, पहिलं काम घेण्याआधी हा लेख शेवटपर्यंत वाचा.

पहिला प्रश्न : "जुनं म्हणजे नेमकं कुठल्या काळातलं?"

गिऱ्हाईक म्हणतं, "आम्हाला ट्रॅडिशनल लूक पाहिजे." आपण लगेच मोबाईलवर फोटो दाखवायला लागतो. थांबा. आधी विचारा, कुणाचं स्वयंपाकघर डोळ्यासमोर आहे? आजीचं की पणजीचं? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पणजीच्या वाड्यात स्वयंपाक बसून व्हायचा. जमिनीवर चूल, शेजारी वैल, समोर पाट. जाड भिंती, वर माळवद. भिंतीतच कोनाडे आणि देवळ्या, भिंतीच्या जाडीत बसवलेलं दोन दारांचं फडताळ, खुंट्या, फळ्या, वर टांगलेलं शिंकं आणि कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. या स्वयंपाकघरात ओट्याखालची कॅबिनेट नव्हतीच, कारण ओटाच नव्हता.

आजीच्या काळात उभ्याचा ओटा आला. कडाप्प्याचा किंवा शहाबादी फरशीचा. आपल्याकडे ही फरशी खूप दिसते, कारण शहाबाद आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात, सोलापूरच्याच रेल्वेमार्गावर. ओट्याखाली फरशीचेच खण, त्यांना कधी लाकडी दारं, कधी नुसता पडदा. भिंतीवर पितळी भांड्यांची मांडणी. आणि एका कोपऱ्यात दुभत्याचं जाळीचं कपाट, ज्याचे पाय मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असायचे.

आता जगाकडेही एकदा बघा. भिंतभर सलग कॅबिनेट लावायची कल्पना मुळात युरोपातही फार जुनी नाही. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या महिला वास्तुविशारदाने जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातल्या नव्या घरांसाठी छोटं, आखीव स्वयंपाकघर तयार केलं. आजच्या फिटेड किचनची सुरुवात म्हणून त्याच 'फ्रँकफुर्ट किचन'चं नाव घेतात. त्याआधी तिकडेही सुटी कपाटं आणि सुटी टेबलंच असायची.

याचा आपल्या धंद्याशी काय संबंध? सरळ आहे. भिंत जितकी कॅबिनेटने भराल, तितकं स्वयंपाकघर जुनं दिसायचं थांबतं. नक्षीकाम कितीही करा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दारांची रांग लावली की ते मॉड्युलर किचनच दिसणार. आमच्या गड्याने नेमकं हेच केलं होतं. मॉड्युलरचाच आराखडा घेतला आणि त्याच्या प्रत्येक दाराला जुन्या पद्धतीचं पॅनल बसवलं.

एक वाक्य वहीत लिहून ठेवा : जुनेपणा दारात असतो, खोक्यात नसतो. आणि खर्चही दारातच असतो. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

मोजपट्टीच्या आधी भांड्यांची यादी

साइटवर गेलात की आधी टेप काढू नका, वही काढा. घरात जी बाई (किंवा जो पुरुष) रोज स्वयंपाक करते, तिच्याशी बोला. मालकाशी नंतर. "मावशी, रोज हाताशी काय लागतं? आठवड्यातून एकदा काय लागतं? आणि फक्त दिवाळीला काय निघतं?" एवढे तीन प्रश्न.

सोलापूरच्या घरात साधारण काय निघेल? ज्वारीच्या पिठाचा मोठा डबा, परात किंवा लाकडी काटवट, भाकरीचा तवा. शेंगाच्या चटणीसाठी उखळ किंवा खलबत्ता. कडक भाकरी करणारं घर असेल तर भाकऱ्यांची चळत ठेवायला हवेशीर जागा. साठवणीची ज्वारी, डाळी. आणि पाणी! आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे पिंप, घागरी, माठ यांची जागा आधी ठरते, कॅबिनेटची नंतर.

आता ही यादी तीन गटांत वाटा.

*उघडं ठेवायचं* : रोजची भांडी, पितळी डबे, मसाल्याचा डबा, खलबत्ता. यांना दार नको. फळी, मांडणी, कोनाडा.

*हवा लागणारं* : कांदे, बटाटे, भाकरी, गॅसचं सिलिंडर. यांना जाळीचं दार.

*झाकायचं* : मिक्सर, प्लास्टिकचे डबे, साफसफाईचं सामान, आजच्या काळातली सगळी उपकरणं. यांना भरीव दार.

बघा, यादी केली की निम्मी दारं आपोआप गळतात. गिऱ्हाइकाला वाटतं, "यांनी आपलं घर समजून घेतलं." आणि तुमचा खर्च कमी होतो.

सिलिंडरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. एलपीजी गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की तो खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी हवा बाहेर जायला जागा पाहिजेच. भरीव, घट्ट बसणारं दार तिथे कधीच लावू नका. दुभत्याच्या कपाटासारखं खालपर्यंत जाळी असलेलं दार लावा आणि दाराच्या मागे खाली उंबरठा ठेवू नका, म्हणजे गॅस अडणार नाही. सिलिंडर उभाच राहील आणि रेग्युलेटरपर्यंत हात सहज पोचेल एवढी जागा सोडा. दिसायला जुनं आणि वापरायला सुरक्षित, दोन्ही एकाच दारात जमतं.

ओट्याच्या उंचीचंही तसंच. रोजच्या भाकरी थापणाऱ्या हाताला उंच ओटा त्रास देतो. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला उभं करा, हात कोपरात वाकवायला सांगा आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा धरा. पुस्तकातली उंची सगळ्यांना लागू होत नाही.

खोकं : इथे दिसण्याचा विचार नको, पाण्याचा करा

खोकं म्हणजे दारामागचा सांगाडा. तो कुणाला दिसत नाही. म्हणून इथे साग घालायची हौस करू नका. इथले शत्रू तीन : पाणी, वाळवी आणि वजन.

कडाप्प्याचे किंवा फरशीचे खण. ओट्याखाली मला हा पर्याय सगळ्यात आवडतो. पाणी सांडलं तरी फुगत नाही, वाळवी लागत नाही, ज्वारीचं पिंप पेलतं आणि आजीच्या काळाशी जुळतं पण. पुढून सागाची चौकट स्क्रू-गट्टीने बसवायची आणि त्यात दार. दोन गोष्टी सांभाळा. चौकटीचा जो भाग दगडाला आणि भिंतीला टेकतो, त्याला बसवण्याआधी प्रायमर आणि वाळवीचं औषध लावा, कारण नंतर तिथे ब्रश जात नाही. आणि फरशीचे कप्पे नंतर वरखाली करता येत नाहीत, म्हणून डब्यांची उंची आधी मोजा.

प्लायवूड. सिंकजवळ आणि ओट्याखाली पाण्याला टिकणारं प्लाय घ्या. मरीन प्लायवूडचं भारतीय मानक आयएस ७१०, आणि सर्वसाधारण वापराच्या प्लायचं आयएस ३०३. नुसतं "वॉटरप्रूफ आहे साहेब" या शब्दावर जाऊ नका. शीटवर आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक बघा, तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. हा तपास गिऱ्हाइकासमोर करा, विश्वास तिथेच बसतो. शीट कापली की कडा उघड्या ठेवू नका, पाणी कडेतूनच शिरतं.

डब्ल्यूपीसी किंवा पीव्हीसी बोर्ड. फक्त सिंकखालच्या खणासाठी चांगला. पाणी आणि वाळवी, दोन्हींची भीती नाही. शेगडीच्या लगत मात्र नको, उष्णतेचा त्रास होतो. लांब फळी केली तर वजनाने वाकते.

पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ. ओट्याखाली नकोच. आपल्याकडे साठवलेलं पाणी उपसताना जमीन ओली होतेच. एकदा तळ फुगला की दुरुस्ती नाही, बदलावंच लागतं. आणि तेव्हा गिऱ्हाईक तुमचं नाव घेतं, बोर्ड बनवणाऱ्याचं नाही.

कुठलंही खोकं असो, लाकूड थेट जमिनीला टेकवू नका. तळाला फरशीची पट्टी किंवा पाय द्या. जुनी कपाटं पायांवर उभी असायची, ती उगाच नाही. खालून झाडू जायचा, ओल लागायची नाही.

दार : इथे पैसा घाला, पण मोजून

आता मुख्य भाग. पारंपरिक दिसणाऱ्या दाराच्या तीन खुणा आहेत. नक्षी त्यात नाही.

एक, दार चौकटीच्या *आत* बसतं. मॉड्युलरमध्ये दार खोक्याच्या वर येतं आणि खोकं झाकतं. जुन्या फडताळात चौकट दिसायची आणि दार तिच्या पातळीत बसायचं.

दोन, दार अखंड पाटाचं नसतं. चारी बाजूंनी चौकट आणि मध्ये पॅनल.

तीन, दार उंच आणि अरुंद असतं, बहुतेक जोडीने. दोन फूट रुंद एकच दार लावलं की जुनेपणा गेलाच.

या तिन्ही खुणा मेहनत वाढवतात. दार वर बसणारं असेल तर दोन मिलिमीटरची चूक झाकली जाते. आत बसणाऱ्या दारात तीच चूक समोर दिसते. प्रत्येक दार त्याच्या चौकटीला रंधून, लावून, काढून, परत लावावं लागतं. आमच्या गड्याचे जादा दिवस नेमके इथे गेले.

आणि इथेच सोलापूरची हवा आडवी येते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आक्रसतं. पावसाळ्यात हवेत ओल येते, लाकूड फुगतं. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत बदलतं. जुन्या सुतारांनी पॅनलचं दार शोधलं ते याच कारणासाठी : मधलं पॅनल खाचेत सैल बसतं आणि आतल्या आत हलतं, बाहेरची चौकट जागेवर राहते. म्हणून भरीव लाकडाचं पॅनल खाचेत *कधीही गोंदाने चिकटवू नका*. चिकटवलंत की पहिल्या उन्हाळ्यात ते मधोमध तडकणार. पॅनल बसवण्याआधीच त्याला पॉलिशचा पहिला हात मारा, नाहीतर आक्रसल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची रेघ दिसते.

फट किती ठेवायची? साधारण दोन ते तीन मिलिमीटर. पण महिना बघा. मे महिन्यात दार बसवताय तर थोडी जास्त फट ठेवा, कारण लाकूड आत्ता सगळ्यात बारीक आहे, पावसाळ्यात वाढणार. ऑगस्टमध्ये बसवताय तर कमी चालेल. लाकूड घेताना ओलावा मोजायचं छोटं मीटर जवळ ठेवा, १२ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर ते लाकूड दारासाठी घेऊ नका. आमच्या गड्याने मे महिन्यात घट्ट बसवलेली चार दारं जुलैमध्ये अडकली. परत जाऊन रंधावी लागली, पॉलिश पुन्हा करावं लागलं. त्या फेऱ्यांचे पैसे कुणी देत नाही.

*लाकूड कुठलं?* साग दारासाठी उत्तम, कारण तो कमी हलतो आणि वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा शिवत नाही. पण पांढरट बाहेरचा भाग तेवढा टिकाऊ नसतो, तो टाळा. बजेट कमी असेल तर चौकट सागाची आणि मधलं पॅनल सागाच्या व्हीनिअरच्या प्लायचं करा. प्लाय हलत नाही, त्यामुळे काम सोपंही होतं. त्याहून कमी बजेट असेल तर एचडीएचएमआर बोर्डावर मशीनने पॅनलचा आकार कोरून रंगवलेलं दार. दिसायला बरं असतं. फक्त गिऱ्हाइकाला साग म्हणून सांगू नका. काय आहे ते नावानिशी कोटेशनमध्ये लिहा.

*बिजागरी.* चौकटीबाहेर दिसणारी पितळी बिजागरी सगळ्यात अस्सल, पण ती बसवायला हात पाहिजे, कारण बसवल्यावर दार इकडे-तिकडे सरकवता येत नाही. हात बसलेला नसेल तर आत लपणारी ऑटो बिजागरी घ्या, पण दार आत बसणारं आहे हे दुकानात सांगा. शून्य क्रँक दार वर बसण्यासाठी असते, आठ-नऊ क्रँक अर्धं वर येणाऱ्या दारासाठी आणि पंधरा-सोळा क्रँक पूर्ण आत बसणाऱ्या दारासाठी. चुकीची क्रँक आणली की दिवस वाया. हिचा फायदा म्हणजे स्क्रू फिरवून दार नंतर नीट करता येतं. बाहेरून पितळी कडी किंवा मूठ लावली की जुनेपणा शाबूत.

जुन्या वाड्याचं लाकूड मिळत असेल तर

वाडे उतरवले जातात तेव्हा तुळया, खांब, कडीपाट, दारं बाजारात येतात. ते लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, त्यामुळे कमी हलतं. त्यात गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या वाड्याचं असेल तर त्याला मोलच नाही. आजोबांच्या घराची तुळई नातवाच्या स्वयंपाकघराचं दार झाली, ही गोष्ट तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगणार. त्याहून चांगली जाहिरात नाही.

पण चार गोष्टी बघा. आत खिळे असतात, एक खिळा रंध्याचं किंवा मशीनचं पातं खाऊन टाकतो, म्हणून लोहचुंबक किंवा डिटेक्टर फिरवा. बारीक भोकं आणि ताजा भुसा दिसला तर लाकूड किडलंय, औषधाशिवाय घरात नेऊ नका. कापल्यावर वापरण्याजोगं किती निघेल ते आधी बघा, तुळई मोठी दिसते पण फटी आणि भोकं वजा जाता बरंच कमी उरतं. आणि बाहेरून विकत घेत असाल तर पावती घ्या, लाकूड कुठून आलं याचा कागद तुमच्याकडे पाहिजे.

जुन्या लाकडाची साफसफाई आणि कापणी यांची मजुरी वेगळी लावा. "लाकूड आमचंच आहे, मग कमी करा ना" असं गिऱ्हाईक म्हणेल. शांतपणे सांगा की लाकडाचे पैसे वाचले, पण हात जास्त लागला.

आता वही उघडा : त्या २,१०० रुपयांचा हिशोब

हे त्या एका कामाचे आकडे आहेत. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील. पद्धत बघा.

एकूण दर्शनी क्षेत्र ५६.५ चौरस फूट, दारं १२. त्याने भाव सांगितला २,२०० रुपये चौरस फूट. म्हणजे १,२४,३०० रुपये.

साग २६,०००, प्लाय १८,०००, बिजागऱ्या-कड्या-चॅनल १४,०००, पॉलिश १६,०००, वाहतूक आणि किरकोळ ४,०००. माल-खर्च झाला ७८,०००.

मजुरी : तो स्वतः १,००० आणि मदतनीस ७०० धरून दिवसाला १,७०० रुपये. अंदाज होता १४ दिवसांचा, खोकी आणि फिटिंगला ८ आणि १२ दारांना ६. म्हणजे २३,८००. एकूण खर्च १,०१,८०० आणि नफा २२,५००.

झालं काय? खोक्यांना ८ दिवसच लागले, तिथे अंदाज बरोबर होता. दारांना मात्र ६ ऐवजी १८ दिवस लागले. अर्ध्या दिवसाचं दार दीड दिवसाचं झालं. १२ जादा दिवस गुणिले १,७०० म्हणजे २०,४००. नफा उरला २,१००.

आता तेच काम नीट निवड करून बघा. भांड्यांची यादी केली असती तर चार दारांच्या जागी उघड्या फळ्या आणि कोनाडे आले असते. दारं १२ ऐवजी ८. लाकूड, बिजागरी, पॉलिश मिळून सुमारे १२,००० वाचले, माल-खर्च ६६,०००. दिवस : खोकी ८, दारं ८ गुणिले दीड म्हणजे १२, एकूण २०. मजुरी ३४,०००. खर्च झाला बरोबर १,००,०००. अडीअडचणीला ५ टक्के धरा, १,०५,०००. त्यावर २० टक्के नफा २१,०००. भाव येतो १,२६,०००.

बघितलंत? गिऱ्हाइकाला जवळपास तेवढाच खर्च. स्वयंपाकघर जास्त अस्सल. तुमचे सहा दिवस वाचले. आणि हातात २,१०० ऐवजी २१,०००, तेही पूर्ण मजुरी धरून.

म्हणून या कामाचा भाव नुसत्या चौरस फुटावर सांगू नका. कोटेशनमध्ये चार ओळी ठेवा : खोकी चौरस फुटाने, दारं नगाने, बिजागऱ्या-कड्या नावानिशी आणि पॉलिश वेगळं. मग गिऱ्हाईक म्हणालं, "इथे पण एक दार द्या की," तर तुम्ही हसून म्हणू शकता, "देऊ की, एका दाराचे इतके." भांडण नाही, संकोच नाही.

काम घेण्याआधी एक नमुना दार

नगाचा भाव कसा काढायचा? एक दार बनवा. खरंखुरं, पूर्ण मापाचं, चौकटीत बसवलेलं, पॉलिश केलेलं. कापण्यापासून बसवण्यापर्यंतचे तास लिहा. माल लिहा. हा तुमचा दर. शिवाय तोच नमुना पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे घेऊन जा. उघडून दाखवा, मिटून दाखवा. फोटो सगळ्यांकडे असतात, दार तुमच्याकडेच असेल.

पैसे टप्प्याने घ्या. वरच्या उदाहरणात साग आणि प्लाय मिळून ४४,००० सुरुवातीलाच लागले. म्हणून ऑर्डरसोबत ५०, खोकी बसल्यावर ३० आणि शेवटी २० टक्के ही वाटणी ठीक बसते. कोटेशनवर लिहा : लाकूड कुठलं, प्लाय कुठल्या मानकाचं, दारं किती, जीएसटी धरलाय की नाही, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर दारं एकदा फुकट नीट करून देणार. ही शेवटची ओळ लिहाच. एका चकरेचा खर्च आधीच भावात धरा. गिऱ्हाईक हीच ओळ लक्षात ठेवतं.

भांडवलाचं काय?

हाताने काम करणाऱ्या सुतारांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात सुतारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज : आधी १ लाखापर्यंत, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत. कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. सध्याचे नियम अर्ज करताना सेवा केंद्रात विचारून घ्या. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

पण खरं सांगू? या कामाला पहिल्या दिवशी मोठं मशीन लागत नाही. ओलावा मोजायचं मीटर, धारदार रंधा, एक नमुना दार आणि नीट लिहिलेली वही, एवढ्यावर पहिलं काम उभं राहतं.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या ओळखीच्या एका जुन्या घरात जा. सोलापुरात असाल तर पेठांमध्ये, नाहीतर बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, जिथे असाल तिथे. परवानगी मागा आणि एका फडताळाची मापं घ्या : दाराची उंची, रुंदी, चौकटीची जाडी, पॅनल किती आत आहे, कडी कुठे आहे. पाच मापं फक्त. मग त्या मापाचं एक दार बनवा किंवा ओळखीच्या सुताराकडून बनवून घ्या, आणि तास लिहा.

तो तरुण सुतार आता हेच करतो. त्याच्या टेंपोत पुढच्या सीटवर नमुना दार असतं. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "सर, आता लोक फोटो मागतच नाहीत. दार उघडतात, मिटतात आणि विचारतात, असली आठ किती दिवसांत देणार?"

त्याच्याकडे आता उत्तर तयार असतं. तुमच्याकडेही असू द्या. कामाला लागा, भेटू पुढच्या भागात!